संघमित्रा मॅडमचा उजवा पाय

परभणी जिल्ह्यात डोंगर शोधायला निघालात, तर आधी अर्धा दिवस सपाटी संपायची वाट बघावी लागते. तूर, सोयाबीन, कापूस, पुन्हा तूर. गंगाखेड ओलांडून राणीसावरगावकडे गेलं की जमीन जरा आळस दिल्यासारखी उठते. तेवढ्यालाच आम्ही कौतुकानं डोंगर म्हणतो. अशा जिल्ह्याच्या गावात मी अठरा वर्षांपासून डोंगरात चालवायच्या सायकली विकतो. बाहेरगावचा माणूस दुकानाची पाटी वाचून हसतो. मीही त्याच्याबरोबर हसतो, कारण हसत आत आलेला माणूस जाताना निदान एक घंटी तरी घेऊन जातो.

आमच्या वडिलांचं हेच दुकान तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचं. तो सगळा इतिहास मी सांगत बसणार नाही. संपादकांनी धंद्यातले अनुभव मागितले, तेव्हा मी म्हणालो, बुटाखाली बसवायच्या एका लोखंडी तुकड्यावर लिहितो. त्यांनी फोनवर दोनदा विचारलं, कशावर? मग म्हणाले, बरं, लिहा.

तर तो तुकडा. साधं पेडल सगळ्यांना माहीत आहे, पाय ठेवा आणि पाय काढा. डोंगरी सायकलीला मात्र एक असं पेडल लावतात की ते पाय धरूनच ठेवतं. त्यासाठी खास बूट येतो. त्याच्या तळव्यात, चवड्याखाली, दोन बोल्टांनी पोलादाचा एक तुकडा बसवायचा. अंगठ्याच्या पेराएवढा असतो. पुस्तकात त्याला क्लीट म्हणतात. पेडलात स्प्रिंगचा जबडा असतो. बूट वरून दाबला की खट् आवाज होतो आणि जबडा तुकडा पकडतो. टाच बाहेरच्या बाजूला झटकली की सोडतो. यानं चढावर पाय नुसता खाली दाबत नाही, वर ओढतोही, आणि खडकाळ वाटेवर पेडलावरून उडत नाही.

पहिला जोड दुकानात आला तेव्हा युसूफभाईंनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. युसूफभाई म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे मिस्त्री. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. बोलतात कमी, आणि बोलले तर दखनीत. ते म्हणाले, "ये तो बैल कू पत्री मारने का काम है." डांबरी रस्त्यावर बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून खुराला लोखंडी पत्र्या ठोकतात, ती ही पत्री. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं आम्हाला पत्रीवाले करून टाकलं. दुसऱ्या दिवशी एक डॉक्टर बूट घेऊन आले, तर समोरच्या चहावाल्यानं ओरडून विचारलं, डॉक्टरसाहेब, पत्री मारून घ्यायलाव का? तेव्हापासून आमच्या दुकानात क्लीट हा शब्द कुणी उच्चारत नाही. मीही इथं पत्रीच म्हणतो.

पत्री लावलेला प्रत्येक माणूस एकदा पडतोच. वेगात पडत नाही, थांबल्यावर पडतो. सायकल उभी राहते, पाय अडकलाय हे डोक्यात उशिरा येतं, आणि माणूस तोडलेल्या झाडासारखा सावकाश आडवा होतो. मी पडलो तो भाजीबाजारासमोर. माझे मोठे मेव्हणे समोरून आले. मी थांबलो, राम राम करायला हात वर केला, आणि पायाला सांगायचं विसरलो. थेट कोथिंबिरीच्या ढिगात गेलो. मेव्हणे माझ्या अंगावरून पलीकडे बघत उभे राहिले, जणू ओळखच नाही. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "उठा बापू, न्हाईतर तुमालाबी जुडीत बांधीन."

त्या पडण्यातून मी एक शास्त्र काढलं. पत्री निवडायला बसल्यावर लोक वेगाचं विचारतात, वजनाचं विचारतात. मी विचारायचो, तुम्हाला रस्त्यात किती माणसं ओळखतात? मोठ्या शहरात माणूस घरातून निघाला की पोचेपर्यंत त्याला कुणी हटकत नाही. आमच्याकडे दर दोनशे पावलांवर कुणीतरी असतं. कुठं जायलाव, कधी आलाव, पाहुण्यांची तब्येत कशी हाय. पाय खाली टेकून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं गेलं तर माणूस माजला म्हणतात. त्यामुळे ज्याची ओळख जास्त, त्याची पत्री लवकर सुटणारी.

एकदा नगरपालिकेला उभे राहिलेले एक उमेदवार आले. त्यांना सायकलवर प्रचार करायचा होता आणि पायात पत्रीचे बूटच पाहिजे होते, फोटोत बरे दिसतात म्हणून. मी हात जोडले. म्हणालो, मतदार आणि ही पत्री यांचं जमत नाही, साधे पेडल लावा. ते रागावून दुसऱ्या गावाहून बूट घेऊन आले आणि पहिल्याच फेरीत तीन चौकांत तीनदा पडले. तिसऱ्या चौकानंतर लोकांना वाटलं, हा माणूस जिथं तिथं साष्टांग नमस्कार घालायलाय. निवडून आले. अजूनही भेटले की मला म्हणतात, तुमचं ऐकलं असतं तर घरी बसलो असतो.

आता दोन प्रकार सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक काळी पत्री. ती फक्त टाच बाहेर फिरवली तरच सुटते. दुसरी चंदेरी. ती टाच आत गेली तरी सुटते, बाहेर गेली तरी सुटते, जोरानं वर उपसली तरी सुटते. नव्या माणसाला चंदेरी द्यायची, मुरलेल्याला काळी. पेडलाला एक बारीक स्क्रू असतो, तो आवळला की जबडा घट्ट होतो.

हे झालं सोपं. अवघड असतो तो कोन. माणसाचा पाय सरळ असतो हे फक्त पुस्तकात. कुणाचा चवडा बाहेर वळलेला, कुणाचा आत. एकाच माणसाचे दोन पाय दोन तऱ्हेचे. ज्याचा पाय जसा, तशी पत्री तळव्यात जरा तिरकी बसवावी लागते. पत्रीत थोडा ढिलेपणा ठेवलेला असतो, पाय जरा इकडेतिकडे हलू शकतो, म्हणून बहुतेकांचं निभावतं. पण नेमका कोन कळायचा तर माणसाला अनवाणी चालवून बघावं लागतं, टाच हातात धरून पाय फिरवून बघावा लागतो.

आणि आमच्याकडे घोडं इथं अडतं. मी पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर पांढरे केस. खाली बसून तिशीतल्या माणसाच्या पायाला हात घातला की तो विंचू चावल्यासारखा पाय ओढतो. मामा, काय करायलाव, मला पाप लावता का? बँकेतल्या एका साहेबांना तर इतकं अवघडल्यासारखं झालं की तेही उलट माझ्या पायाशी वाकले. मी त्यांच्या पायाशी, ते माझ्या पायाशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, लग्नात व्याही भेटायलेत.

मी कंटाळलो आणि पायाला हात लावणं सोडून दिलं. त्याऐवजी नजर काढली. गिऱ्हाईक स्टँडवरच्या सायकलवर बसायचं. मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारायचो. एक डोळा मिटायचो, मान तिरकी करायचो, मागच्या बाजूनं टाचेकडे बघून हुं करायचो, आणि मग निकाल द्यायचो. रविवारी हे बघायला माणसं जमायची. बाकडं भरायचं, चहा यायचा, कोण कसा पडला त्याची मी नक्कल करून दाखवायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मामांना हात लावायची गरजच पडत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचो. आता मी प्रत्येकाला मोजे काढायला लावतो, पाय ओले करून शहाबादी फरशीवर चालवतो, ठसा बघतो आणि मगच बोल्ट हातात घेतो. ही अक्कल मला कुणाच्या जिवावर आली, ते आता सांगतो.

संघमित्रा मॅडम झरीच्या शाळेत गणित शिकवायच्या. मूळच्या सेलूच्या. परभणीत खोली करून राहायच्या आणि झरीला रोज सायकलवर जायच्या-यायच्या. तीस-बत्तीसच्या असतील. आमच्या रविवारच्या गटात एकट्या बाई. गटातल्या पुरुषांना चढ आला की एकदम फोटो काढावासा वाटतो, पाणी प्यावंसं वाटतं. मॅडम काही न बोलता पुढं निघून जायच्या आणि वर उभ्या राहून आमची वाट बघायच्या. बोलणं कमी, पण कुणाची टर उडवायची संधी सोडायच्या नाहीत. एकदा मी दमून झाडाखाली बसलो तर म्हणाल्या, मामा, सायकल राहू द्या, मी झाडच पाठवते दुकानात.

गटातले चौघं हिमाचलात एका उंच खिंडीपर्यंत सायकलनं जायचं ठरवत होते. मॅडम पाचव्या. घरून परवानगी, शाळेतून रजा, सगळं त्यांनी सहा महिने आधीच करून ठेवलं. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात त्या खिंडीची उंची लिहिली होती. पोरं रोज विचारायची, मॅडम, आज किती चढल्या? झरीच्या रस्त्यावर चढ म्हणजे ओढ्यावरचा पूल. पण त्या रोज एक आकडा सांगायच्या, आणि रविवारी राणीसावरगावकडे जाऊन तो खरा करायच्या.

त्या पत्री लावायला आल्या तेव्हा मी जुन्या सवयीनं खाली वाकलो. त्यांनी पाय चटकन मागं घेतला. "राहू द्या मामा, मीच सांगते." मलाही ते बरंच वाटलं. मी त्यांना स्केचपेन दिलं. अंगठ्यामागचं गोल हाड कुठं लागतं तिथं मोज्यावरूनच खूण करा म्हणालो. त्यांनी गणिताच्या बाईसारखी नीट खूण केली. मी चंदेरी पत्री घेतली आणि पुस्तकात असते तशी दोन्ही बुटांना अगदी सरळ बसवली. त्या दुकानासमोर दोन चकरा मारून आल्या. बराबर हाय, म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी परत आल्या. रविवार होता, बाकडं भरलेलं. म्हणाल्या, मामा, डावा पाय छान बसतो, पण चढावर जोर लावला की उजवा आपोआप सुटतो.

आता इथं थांबून मला स्वतःलाच एक कानाखाली द्यावीशी वाटते. एक पाय सुटतो, दुसरा सुटत नाही. दोन्ही पत्र्या सारख्या, दोन्ही स्प्रिंगा सारख्या. म्हणजे फरक पायात आहे, एवढं नव्या मिस्त्रीलाही कळावं. पण माझ्यासमोर आठ माणसं बसली होती. मी उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि भाषण सुरू केलं. मॅडम, चंदेरी पत्री ही बालवाडी आहे. तुमच्या पायात आता ताकद आलीय, ती या बालवाडीत मावत नाही. तुम्हाला वरच्या वर्गात घालायची वेळ झाली. सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी चंदेरी काढली, काळी बसवली, तशीच सरळ, आणि वर स्क्रू दोन फेरे आवळला.

युसूफभाई कोपऱ्यात चाक सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "मामा, वो पाँव खुद बाहर जाने कू देख रा. जिधर जाना है उधर जाने देव ना."

मी म्हणालो, युसूफभाई, चढावर पाय मोकळा सोडला की माणूस घरंगळतो. पुन्हा हशा. युसूफभाईंनी चाक फिरवून बघितलं आणि कामाला लागले. मॅडमनी दुकानासमोरच जोर लावून बघितला. पाय सुटला नाही. पक्कं बसलं, म्हणाल्या.

काय झालं होतं ते सोप्या भाषेत सांगतो. त्यांचा उजवा चवडा बाहेर वळलेला होता, म्हणजे टाच आत जाऊ बघत होती. चंदेरी पत्री टाच आत गेली की सुटते, म्हणून ती सुटत होती. त्यातच त्यांची सुटका होती. मी लावलेली काळी त्या बाजूला सुटतच नाही. टाच प्रत्येक फेऱ्याला आत जायला बघणार, पत्री प्रत्येक फेऱ्याला तिला अडवणार. बूट हलत नाही, पेडल हलत नाही. मग तो पीळ जातो कुठं? वर, गुडघ्यात.

पुढचे दोन महिने त्यांनी राणीसावरगावचे सगळे चढ मोडून काढले. सगळ्यात वाईट चढ, जिथं आम्ही सगळे उतरून सायकल ढकलतो, तो त्या एकदाही पाय न टेकवता चढल्या. मी वर पोह्यांचा डबा घेऊन आधीच जीपमधून पोचलो होतो, आणि जत्रेतल्या निवेदकासारखा ओरडत होतो. उतरल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही मामा, सवय होईल. मी म्हणालो, होणारच. आणि त्यांना पोहे दिले.

नंतरच्या दोन रविवारी त्या आल्या नाहीत. शाळेचं काम असेल म्हणून मी विचारलं नाही. निघायला पंधरा दिवस राहिले असताना फोन आला. गुडघ्यातली गादी फाटलीय, सूज उतरत नाही, डॉक्टरांनी डोंगर बंद केलाय. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या. आवाज अगदी सरळ होता, हजेरी घेतल्यासारखा.

मी काय म्हणालो ते लिहायला हात जड होतो. मी म्हणालो, त्यात काय एवढं मॅडम, डोंगर कुठं पळून जायलाय, पुढच्या वर्षी जाऊ. आणि फोन ठेवल्यावर बाकड्यावरच्या लोकांना म्हणालो, बायकांचे गुडघे जरा नाजूकच असतात. युसूफभाई तेव्हा नमाजाला गेले होते. असते तर बहुतेक बोललो नसतो.

चौघं गेले आणि आले. फोटो माझ्या फोनवर आले. बर्फ, झेंडे, खिंडीतला फलक. येईल त्या गिऱ्हाइकाला मी ते दाखवायचो आणि प्रत्येक फोटोला एक गोष्ट जोडायचो, जणू मीच जाऊन आलो.

त्यानंतर एक दिवस झरीच्या शाळेतले एक सर पिशवी ठेवून गेले. आत मॅडमचे बूट होते. कुणाच्या मापाला आले तर देऊन टाका, असा निरोप होता. मॅडम उन्हाळ्याच्या सुट्टीत सेलूला गेल्या होत्या.

मी बूट उलटे केले आणि पत्र्या काढायला बसलो. डाव्या बुटाची पत्री जशी झिजावी तशी झिजली होती. उजव्या बुटाची काढली आणि हातात धरून बसलो. एका बाजूला ती नव्यासारखी होती. दुसऱ्या बाजूची कड घासून घासून विळीच्या पात्यासारखी झाली होती. पोलाद आहे ते. ते नुसत्या पायानं झिजत नाही. हजारो फेरे त्या पायानं तिथंच, त्या एकाच जागी ढुशी दिली होती. मधल्या काळात त्या दोनदा दुकानात हवा भरायला येऊन गेल्या होत्या. बूट उलटा करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. दोन्ही वेळा मी कुणाला तरी त्या उमेदवाराची गोष्ट सांगत होतो.

युसूफभाईंनी पत्री माझ्या हातातून घेतली, दाराशी उजेडात नेऊन बघितली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि चहाला निघून गेले. मी तुला सांगितलं होतं, असं त्यांनी म्हणायला पाहिजे होतं. निदान मला भांडता आलं असतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून मी रेल्वेनं सेलूला गेलो. मॅडमचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी जयभीम घातला, खुर्ची दिली, उन्हाचं कशाला आलाव म्हणून रागावले. मॅडम आत चहा ठेवत होत्या. त्यांना ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं मी खिशातून ती पत्री काढली आणि दादांना सगळं सांगितलं. काळी, चंदेरी, स्क्रू, टाच. मध्ये एकही गंमत केली नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली गोष्ट असेल की जिला मी एकही फोडणी दिली नाही.

दादांनी पत्री बोटानं चाचपली. कापसाच्या गाठी मोजलेला माणूस, घाईनं बोलत नाही.

"ही सात वर्षांची होती," ते म्हणाले. "मला डबा घिऊन जिनिंगला आली अन् गाठीवर चढून खेळायला लागली. वरून पडली. नडगी मोडली. पलस्तर काढलं तवा पाय जुळला, पण जरा भाईर वळूनच जुळला. तवापासून तसाच हाय. गल्लीत समद्यांना ठाव हाय." मग माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई का?"

मी उत्तर देण्याआधी मॅडम चहा घेऊन आल्या. अनवाणी. तीन वर्षांत मी त्यांना बुटांत बघितलं होतं, सँडलमध्ये बघितलं होतं, सायकलवर तर शेकडो वेळा बघितलं होतं. पाय आता बघितले. डावा पाय माझ्याकडे येत होता. उजवा दर पावलाला दाराकडे वळत होता, जणू दोघं सोबत निघालेत आणि एकाला मध्येच दुसरीकडे काम आहे. चार पावलं असतील. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी म्हणालो, चूक माझी आहे, मॅडम.

त्यांनी कप माझ्या हातात दिला. आतून सगळं ऐकलं होतं त्यांनी. "मला वाटलं, मीच कमी पडायलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं बघून बसवलं म्हटल्यावर पत्री चुकीची कशी असंल?"

"पायाचं सांगायचं तरी मला."

"त्या दिवशी सांगणार होते. एवढी माणसं बसली होती, मामा. सगळ्यांसमोर काय म्हणायचं, माझा पाय वाकडा हाय?" त्या जरा हसल्या. "शाळेत असताना पोरी माझी चाल करून दाखवायच्या. तुम्हीबी नक्कल लय चांगली करता."

दादा पंख्याकडे बघत बसले. मी चहा प्यायलो. गुडघ्याचं विचारलं. सपाटीला हळूहळू चालवा म्हणलेत, चढ कायमचा बंद, असं त्यांनी सांगितलं. झरीला आता बसनं जाणार होत्या. फळ्यावरचा आकडा सुट्टी लागायच्या आधीच पुसला होता, आणि पोरांनी विचारलं नाही, म्हणाल्या. पोरांना कुणीतरी सांगितलं असावं.

मग म्हणाल्या, "फोटो आलेत का तुमच्याकडं? मी गटातून बाहेर पडले, मला आले न्हाईत."

मी फोन काढून दिला. मला वाटलं, बर्फाचे बघतील, खिंडीचे बघतील. ते त्यांनी भराभर पुढं सारले. वाटेचे फोटो मात्र बोटांनी मोठे करून करून बघत राहिल्या. एका फोटोवर थांबल्या. खिंडीच्या आधीचं शेवटचं वळण होतं. खडी सुटलेली, कडेला खोल दरी, आणि आमचे चौघंही सायकली ढकलत निघालेले. हा फोटो मी दुकानात कितीतरी जणांना दाखवला होता आणि दर वेळी चढ थोडा वाढवून सांगितला होता.

त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "इथं मी उतरले असते का, मामा? खरं सांगा. गोष्ट नको."

मी चष्मा लावला. या वेळी खरंच बघितलं. खडीचा आकार, वळणाची रुंदी, पुढच्या सायकलीचं चाक मागच्यापेक्षा किती वर आहे ते. राणीसावरगावचा तो चढ, जो त्या दुखरा गुडघा घेऊन पाय न टेकवता चढल्या होत्या, याच्यापेक्षा उभा होता. वर हवा विरळ असते, हे मला माहीत होतं. तुम्ही उतरला असता, असं म्हटलं असतं तर त्यांना जरा सोपं गेलं असतं, हेही कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "बसूनच चढला असता."

त्यांनी तो फोटो आणखी एकदा मोठा करून बघितला. मग फोन माझ्या हातात दिला आणि दादांना म्हणाल्या, "ऐकलं का? मी म्हणलं व्हतं ना तुमाला."